देवबागच्या व्हिलात चार रात्री: भरती-ओहोटी पाहून आखलेला बेत

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे असाच बेत आखणाऱ्या दुसऱ्या कुणालाही हे उत्तर कामी येईल. संक्रांत आटोपली की जानेवारीत तुम्ही नऊ जण नागपूरहून निघताय. मालवणजवळ देवबागला समुद्रकाठचा अख्खा व्हिला चार रात्रींसाठी घेतलाय. शनिवारी दुपारच्या नागपूर-मडगाव गाडीनं निघून रविवारी कुडाळला उतरायचं आणि गुरुवारी रात्रीच्या गाडीनं परतायचं. सोबत गुडघ्यांचा त्रास असलेल्या 74 वर्षांच्या सासूबाई, सासरे, दीर-जाऊ आणि 16, 11 आणि 6 वर्षांची तीन मुलं. घरात निम्मे शाकाहारी. खऱ्या अर्थानं समुद्राशी ओळख कुणाचीच नाही, एकदा जुहूला पाय ओले केलेत तेवढंच. तुम्ही 22 ठिकाणांची यादी पाठवलीय आणि विचारलंय की कोणत्या दिवशी काय बसवायचं.

यादीतली 14 ठिकाणं मी खोडली आहेत. विजयदुर्ग, गणपतीपुळे, आंबोली, गोव्याचे किनारे, सगळी. विजयदुर्ग मला स्वतःला फार प्रिय आहे, तो खोडताना हात जड झाला. पण देवबागहून तिथं जाऊन यायचं म्हणजे पाच-सहा तास गाडीत जातात आणि किल्ल्याला उरतो भर दुपारचा एक तास. मी 2007 पासून नागपूर-वर्ध्याच्या कुटुंबांचे कोकणातले मुक्काम आखून देतो. दुसऱ्याच वर्षी नागपूरच्या महाल भागातल्या एका कुटुंबाला मी असाच भरगच्च कार्यक्रम करून दिला होता, चार दिवसांत अकरा ठिकाणं. तिसऱ्या रात्री त्या घरच्या काकूंचा फोन आला. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, नुसतं म्हणाल्या, "भाऊ, समुद्र आम्ही गाडीच्या काचेतूनच पाहून राहिलो." ते वाक्य मी विसरलेलो नाही. तेव्हापासून माझा नेम आहे: दिवसाला एकदाच बाहेर पडायचं, तेही सकाळी. उरलेला दिवस घर आणि घरासमोरचं पाणी यांचा.

तुम्ही घर निवडलंय ती जागाच तशी आहे. देवबाग म्हणजे एक चिंचोळी पट्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी, मधे माडांची बनं आणि घरं. दक्षिणेच्या टोकाला नदी समुद्राला मिळते, त्याला सगळे संगम म्हणतात. बऱ्याच घरांच्या अंगणातून लाटांचा आवाज येतो आणि परसदारी खाडीचं शांत पाणी असतं. मालवण बाजार साधारण बारा किलोमीटरवर. एवढ्या टापूत चार दिवस सहज जातात.

आता मुख्य गोष्ट. ताडोबाला जाताना आपण मोहर्ली गेटवर पहाटे अंधारात जिप्सीत बसतो. उन्हं चढल्यावर निवांत जाऊ, असं कुणी म्हणत नाही, कारण जंगलाचं वेळापत्रक आपल्याला मान्य असतं. समुद्रालाही तसंच वेळापत्रक आहे, फक्त ते कुठल्या गेटवर लावलेलं नसतं. दिवसातून दोन वेळा भरती, दोन वेळा ओहोटी, आणि रोज हे चक्र पाऊण तासानं पुढं सरकतं. हे माहीत नसलं की कुटुंब दुपारी एकला किनाऱ्यावर जातं, पाणी लांब गेलेलं असतं, वाळू तापलेली असते, आणि मग मला फोन येतो, "समुद्र कुठं गेला हो?"

वेळ काढायची रीत कोकणातल्या जुन्या लोकांची आहे आणि त्यासाठी भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. तिथीचा आकडा घ्या आणि त्याला पाऊणने गुणा. आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, सकाळची आणि संध्याकाळची, दोन्ही. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वा अकरा. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा तास इकडंतिकडं होतो, पण बेत आखायला तेवढं भागतं. नेमकी वेळ केअरटेकरला विचारा, तो खाडीकडं नुसती नजर टाकून सांगेल. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, त्याला भांग म्हणतात.

तुमचा रविवार शुद्ध दशमीचा आहे आणि गुरुवार चतुर्दशीचा. म्हणजे भरती रविवारी साडेसातला, सोमवारी सव्वा आठला, मंगळवारी नऊला, बुधवारी पावणेदहाला, गुरुवारी साडेदहाला. ओहोटी सोमवारी दुपारी सव्वादोनच्या सुमाराला, बुधवारी पावणेचारला. या आकड्यांवर खालचं सगळं बसवलंय.

दुसरं वेळापत्रक वाऱ्याचं. हिवाळ्यात रात्रीपासून सकाळपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडं जातो, त्याला मतलई वारा म्हणतात. त्या वेळी पाणी काचेसारखं असतं. अकरा-बारानंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि लाटांना धार येते. म्हणून समुद्रात बोटीनं जायचं जे काही असेल ते सकाळी. दुपारी साडेतीनला कुणी "आत्ता चला, स्वस्तात नेतो" म्हणालं, तर हात जोडून नाही म्हणा.

रविवारी काहीच ठरवू नका. चोवीस तास गाडीत बसून आलेलं अंग असतं, कुडाळहून देवबागला पोचायला वर तास-सव्वा तास लागतो. सूर्यास्त मात्र चुकवू नका. त्या दिवसांत नागपुरात सूर्य मावळतो त्यापेक्षा इथं साधारण अर्ध्या तासानं उशिरा, सव्वासहानंतर मावळतो, त्यामुळं सामान ठेवून चहा घेऊनही वेळ हाती राहते. पाणी तेव्हा चढत असेल. घोट्यापर्यंत उभं राहायचं, पुढं नाही. सासूबाईंसाठी प्लास्टिकची खुर्ची वाळूत नेऊन ठेवा. खुर्चीचे पाय ओल्या वाळूत रुततात, म्हणून ती कोरड्या वाळूत ठेवायची. वाळवंटावर वाळलेल्या शेवाळाची, काटक्यांची एक रेघ दिसेल. मागची भरती तिथवर आली होती. खुर्ची आणि चपला त्या रेघेच्या वर.

सोमवार सिंधुदुर्ग किल्ल्याचा. साडेआठला घरून निघा, नऊ-सव्वानऊला मालवणच्या जेट्टीवर. बोटीनं दहा-पंधरा मिनिटं लागतात. शिवाजी महाराजांनी 25 नोव्हेंबर 1664 ला या किल्ल्याचा पाया घातला. किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी गणेशपूजन करून कामाला सुरुवात झाली आणि साधारण तीन वर्षांत, 1667 मध्ये किल्ला उभा राहिला. कुरटे बेटावर 48 एकरांचा पसारा आहे, आणि पायात शिसं ओतून दगड बसवलेत. जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, तट वळसा घेऊन त्याला झाकतो. बोट तटाच्या जवळ येऊ लागली की मुलांना म्हणा, दार शोधा. अकरा वर्षांच्या मुलाला हा खेळ वर्षानुवर्षं आठवतो, हे मी पाहिलंय.

आत गेल्यावर तीन गोष्टी सोडू नका. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर, तिथली महाराजांची मूर्ती दाढीशिवाय आहे, डोक्याला कोळ्यासारखी टोपी. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे, ते दोन लहान घुमट्यांत जपलेत. आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी. चहूकडं खारं पाणी आणि मधोमध गोड पाण्याच्या विहिरी, इथं प्रत्येकानं दोन मिनिटं थांबावं. आजही काही कुटुंबं किल्ल्यात राहतात. बोटवाले बहुधा तासाभरात परत बोलावतात, पण एवढ्यात तीन किलोमीटरचा तट फिरून होत नाही. बसतानाच बोलून घ्या, की आम्हाला दोन तास लागतील, पुढच्या फेरीनं येऊ. किल्ल्यात सावली फार कमी, पाण्याची बाटली आणि टोपी प्रत्येकाची वेगळी हवी.

सासूबाईंबद्दल स्पष्ट सांगतो. बोटीत चढताना-उतरताना एक पाय दगडावर आणि एक हलत्या फळीवर असा एक क्षण येतो. दुखऱ्या गुडघ्यांना तो क्षणच जड जातो, चालणं नाही. त्या तयार असतील तर दोन बाजूंनी दोघांनी दंड धरायचे आणि बोट लाटेवर वर आली की पाऊल टाकायचं. तयार नसतील तर सासऱ्यांसोबत मालवणच्या किनाऱ्यावरच्या राजकोट किल्ल्यावर बसवा. तिथून किल्ल्याचा पूर्ण तट समोर दिसतो, आणि महाराजांचा नवा पुतळाही तिथंच आहे. त्या दिवशी एकादशी आहे, सासूबाईंचा उपवास असणार. मालवण बाजारात शहाळी आणि केळी मुबलक, साबुदाणा मात्र नागपूरहूनच न्या, म्हणजे शोधाशोध नको. कोकणातल्या बऱ्याच घरांत सोमवारी मासळी शिजत नाही, त्यामुळं त्या दिवशी सगळ्यांनीच शाकाहारी जेवायला हरकत नाही.

सोमवारीच दुपारी सव्वादोनच्या सुमाराला ओहोटी असेल, ती वेळ त्सुनामी बेटाची. खाडीच्या मुखाजवळ वाळूचा एक उंचवटा आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर तो वर आला, असं गावातले लोक सांगतात. भरतीला तो पाण्याखाली जातो, ओहोटीला उघडा पडतो. जेट स्की, बनाना राइड, बंपर राइड हे सगळं तिथंच चालतं. थोरल्या दोघांना हौस असेल तर करू द्या, दर बोटीत बसण्याआधी ठरवा. सहा वर्षांच्या पोराला कुठल्याही राइडवर बसवू नका, त्यानं वाळूत किल्ला करावा. आणि पाणी पोटरीला लागायला लागलं की परत निघायचं, "अजून पाच मिनिटं" नाही.

मंगळवारी पहाटे उठायचं. सातला संगमावरून बोट घेऊन डॉल्फिन बघायला. इथले डॉल्फिन पाठीवर उंचवटा असलेले, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात वावरणारे. सर्कशीसारख्या उड्या फारशा मारत नाहीत. राखाडी पाठ वर येते, फुसकन श्वास सोडल्याचा आवाज येतो आणि ती वळून खाली जाते. इंजिन बंद करून थांबलं तर तो आवाज ऐकू येतो. चार बोटी मिळून त्यांच्यामागं लागल्या असतील तर तुमच्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला सांगा, आपण लांब थांबू. चांगला तांडेल हे ऐकून खूश होतो. या वेळेमागंही हिशेब आहे. मंगळवारी सातला पाणी चढत असेल. नदीच्या मुखातून समुद्रात शिरायला चढतं पाणी बरं. ओहोटीत नदीचं पाणी जोरात बाहेर पडतं, समोरून लाटा येतात, दोन्ही एकमेकांवर आदळून मुखाशी उभ्या लाटा तयार होतात. छोटी बोट तिथं वाईट हलते.

लाइफ जॅकेटबद्दल मी कुणाचंही ऐकत नाही, तुम्हीही ऐकू नका. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. जॅकेट बोटीत पडलेलं असून चालत नाही, अंगात हवं आणि पट्टे आवळलेले हवेत. तपासायचं कसं, तर मुलाच्या खांद्यांवरचे दोन पट्टे धरून वर ओढा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते त्याच्या मापाचं नाही, दुसरं मागा. बोटीत माणसं जास्त वाटली तर उतरा. दिलेले पैसे बुडाले तरी चालतील.

डॉल्फिन पाहून आलात की मोठ्यांपैकी ज्यांना स्कूबा करायचंय त्यांनी थेट मालवणला जावं, साडेनऊ-दहापर्यंत पाण्यात उतरता आलं पाहिजे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत हे डायव्ह होतात. 1987 मध्ये इथं सागरी अभयारण्य जाहीर झालंय, तेव्हा खाली काही तोडायचं नाही, उचलायचं नाही. पोहता येत नसलं तरी चालतं, प्रशिक्षक पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो. दमा, हृदयविकार, फिट, नुकतं झालेलं कानाचं दुखणं किंवा आटोक्यात नसलेलं बीपी असेल त्यांनी उतरू नये. हे फॉर्मवर लपवू नये. अकरा वर्षांच्या मुलाचं वय नियमात बसतं, पण तो स्वतःहून मागत असेल तरच. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी नाही, कारण खरी अडचण कानांची असते.

कानांचं नीट समजून घ्या, घाई-गर्दीत ते नीट समजावलं जात नाही. दोन-तीन हात खाली गेलं की कानावर दाब येतो, विमान उतरताना येतो तसा, पण अधिक तीव्र. तेव्हा मास्कवरून नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि हलकेच नाकातून हवा सोडायचा प्रयत्न करायचा. कानात टप् असं होतं आणि दाब जातो. दुखायला लागण्याआधीच करायचं, आणि दर हातभर खाली गेल्यावर पुन्हा. दाब जात नसेल तर प्रशिक्षकाला कानाकडं बोट दाखवून पंजा हलवायचा, तो तुम्हाला थोडं वर आणतो. शुक्रवारी रात्री घरी बसून प्रत्येकानं नाक धरून एकदा करून पाहा. श्वास मात्र कधीही कोंडून धरायचा नाही, तोंडानं सावकाश चालू ठेवायचा. पाणी गढूळ असेल तर माझा सल्ला आहे, पैसे वाचवा. केंद्रावर विचारा, "आज किती हात दिसतंय?" आणि आधी वर आलेल्या लोकांनाही विचारा. तुम्ही रेल्वेनं परतताय म्हणून अडचण नाही. विमानानं जाणाऱ्यांनी डायव्हनंतर निदान अठरा तास विमान टाळावं.

पोहण्याबद्दल. नागपुरात तरणतलावात शिकलेल्या माणसाला समुद्राचा अंदाज येत नाही, यात कमीपणा काही नाही. व्हिलासमोर पाणी चढत असताना, कमरेच्या आत, कुणीतरी किनाऱ्यावर उभं असताना डुंबायला हरकत नाही. ओहोटी लागली की बाहेर. संगमावर कधीच नाही, कितीही शांत दिसलं तरी, कारण तिथं खालून ओढ असते. लाटांच्या रांगेत मधेच एखादा पट्टा सपाट, गडद दिसतो, लाटा फुटत नाहीत. नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते. किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्याच वाटेनं परत आत जात असतं. चुकून त्यात सापडलंच तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं, ओढ सुटते. सोळा वर्षांच्या मुलाला हे तुम्ही समोर बसवून सांगा.

बुधवारी पाण्याला सुट्टी. सकाळी धामापूरला जा, मालवणहून अर्ध्या तासाच्या अंतरावर. तलाव 1530 सालचा, काठावर भगवतीचं मंदिर, भोवती गच्च झाडी. सासऱ्यांचं मूळ गाव भंडाऱ्याकडचं आहे असं तुम्ही लिहिलंय, तर त्यांना हे खास आवडेल. आपल्याकडचे मालगुजारी तलाव आणि हा तलाव, दोन्हीकडं गावानं डोंगरउताराचं पाणी मातीच्या बांधानं अडवलंय. 2020 मध्ये याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान मिळाला. सासूबाईंनाही तिथं फार चालावं लागत नाही. वेळ उरला तर वालावलचं लक्ष्मीनारायण मंदिर पाहा, तुमच्या यादीत नव्हतं. तिथंही शेजारी तलाव आहे आणि गर्दी अगदी थोडी असते.

त्या दुपारी चारला ओहोटी असेल. सहा वर्षांच्या पोराला घेऊन नुसतं ओल्या वाळूवर चाला. वाळूत शेंगदाण्याएवढी भोकं दिसतील आणि प्रत्येक भोकाभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळी. हे काम नखाएवढ्या खेकड्यांचं. वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाण्याजोगं ते काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. तुम्ही पाऊल टाकलं की सगळे भोकात. मग उकिडवं बसून दोन मिनिटं अजिबात हलायचं नाही, ते एकेक करून परत येतात आणि कामाला लागतात. सहा तासांत जेवढं घडवलं ते सगळं पुढची भरती पुसून नेते. माझ्या मुलीनं तिच्या पाचव्या वर्षी हे पाहत दीड तास काढला होता, आणि ती एरवी पाच मिनिटं एका जागी बसत नसे. शंख उचलताना आत कुणी राहतंय का ते पाहा, पाय दिसले तर परत ठेवा.

तिथून सहाच्या आधी मालवण बंदरावर मासळीचा लिलाव पाहायला जा. होड्या येतात, टोपल्या ओतल्या जातात, आणि बोली इतक्या भराभर चालते की आकडे कळत नाहीत. बांगडा, इसवण म्हणजे आपली सुरमई, सुंगटं म्हणजे कोलंबी, कुर्ल्या म्हणजे खेकडे. वाटेत उभं राहायचं नाही आणि परवानगीशिवाय कोळणींचे फोटो नाहीत. किनाऱ्यावर एखाद्या सकाळी रापण लागलेली दिसली, म्हणजे दोन रांगा करून माणसं समुद्रातून जाळं ओढताना दिसली, तर थांबा. हात लावू का विचारलं तर बहुतेक लावू देतात.

जेवणाचं आजच केअरटेकरशी बोला. कोकणात घरोघर उकडा तांदूळ असतो, चिन्नोरवर वाढलेल्या जिभेला तो जाड लागतो. तुम्हाला साधा हवा असेल तर "सुरय तांदूळ" मागा. सावजीची सवय असणाऱ्यांना मालवणी रस्सा पहिल्या घासाला सौम्य वाटेल, नारळाचा गोडवा पुढं येतो. मुकाट्यानं दोन दिवस खा, तिसऱ्या दिवशी चव कळते. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ असतं, ते चावायचं नाही. शाकाहाऱ्यांसाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे, आंबोळी, घावणे, शिरवाळे आणि नारळाचा गोड रस, उकडीचे मोदक, हे नाव घेऊन सांगा. न सांगितल्यास पनीर येईल. भांडी वेगळी हवी असतील तर तेही आधी सांगितलेलं बरं.

आणखी एक विचारा: "आसपास कुठं दहीकाला आहे का?" हे दिवस जत्रांचे, आणि जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार होतो, त्यालाच इथं दहीकाला म्हणतात. संहिता लिहिलेली नसते, संवाद नट जागच्या जागी रचतात, स्त्रियांच्या भूमिका पुरुष करतात. आपल्याकडं वडशाच्या बाजूला याच दिवसांत झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगतात, ती पाहिलेल्या माणसाला इथं अगदी घरच्यासारखं वाटतं. उशिरा सुरू होतो, थोरल्या दोन मुलांना घेऊन तुम्ही तिघं-चौघं जा. रात्रीच्या काळोखात लाटा निळ्या चमकतात ते पाहायचंय, असं तुम्ही लिहिलंत. ते अंधाऱ्या पक्षात दिसतं. तुमच्या रात्री चांदण्याच्या आहेत, त्यामुळं या खेपेला ते नाही. त्याबदल्यात त्रयोदशीचं चांदणं माडांवर आणि खाडीवर पडलेलं अंगणातून पाहायला मिळेल. कासवांची पिल्लंही जानेवारीत बहुधा नसतात, ती फेब्रुवारीच्या अखेरीपासून निघू लागतात.

गुरुवारी खोली सोडल्यावर गाडीपर्यंत बराच वेळ आहे. मालवण बाजारात कोकम, काजू आणि मालवणी खाजं घ्या, मग कुडाळच्या अलीकडं-पलीकडं न रेंगाळता पिंगुळीला जा, स्टेशनपासून अगदी जवळ आहे. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या तिथं एका कुटुंबानं स्वतःच्या गोठ्यात संग्रहालय करून जपल्यात. त्यासाठी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. आधी फोन करून गेलात तर खेळही दाखवतात. कागदावरचं एकेक चित्र उलटत, वाद्याच्या साथीनं रामायण-महाभारतातल्या गोष्टी सांगायच्या, ही चित्रकथी. सासूबाईंना तिथं खुर्चीत बसून तासभर निवांत मिळेल, आणि आख्यान त्यांच्या ओळखीचंच असेल.

सामानात स्वेटर गाडीपुरते ठेवा, देवबागला लागणार नाहीत. सुती कपडे, प्रत्येकी टोपी, पाण्यात चालतील अशा पट्ट्याच्या चपला, उलटीच्या गोळ्या आणि एक मोठी टॉर्च घ्या. बोटीत बसायच्या अर्धा तास आधी गोळी, आणि पोटात पोहे-चहा एवढंच. केअरटेकरशी बोलणं झालं की तो भरतीच्या काय वेळा सांगतो ते मला कळवा, माझ्या हिशेबाशी ताडून बघतो आणि मंगळवारच्या बोटीची वेळ पक्की करून देतो.